क्लचचे रिलीज बेअरिंग बदलताना गिअरबॉक्स जबरदस्तीने बसवू नका

क्लच दाबला की घरघर, सोडला की शांत. असा आवाज असेल तर बहुतेक वेळा रिलीज बेअरिंगच, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग, गेलेले असते. याच्या उलट, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर आणि क्लच दाबताच शांतता असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर घ्या. ते काम वेगळे आहे. ही एका मिनिटाची तपासणी न करता गिअरबॉक्स खाली काढणारे भरपूर आहेत.

आवाज सुरू झाला की कुणीतरी सांगतेच, फोर्कच्या (बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याच्या) भोकातून स्प्रे मारा, बंद होईल. मारू नका. हे बेअरिंग सीलबंद असते, तेल आत शिरत नाही. ते उडते क्लच प्लेटवर, आणि बेअरिंगच्या जोडीला प्लेटही घसरायला लागते.

मुंबईत हे बेअरिंग लवकर जाते, आणि त्याचे कारण आपल्या पायात आहे. क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या, फिरत्या प्रेशर प्लेटच्या फिंगरांना (मधल्या स्प्रिंगच्या पात्यांना) न फिरणाऱ्या फोर्कने ढकलायचे, तर मध्ये हे बेअरिंग लागते. पेडल दाबलेले असते तेवढा वेळ ते भाराखाली इंजिनच्या वेगाने फिरत राहते. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर संध्याकाळी गाडी रांगवताना, सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभे राहताना त्याचेच आयुष्य संपत असते. दुसरे कारण पावसाळा. हिंदमाताला किंवा अंधेरी सबवेत साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि फोर्कवरचा रबरी बूट फाटलेला असला, की गढूळ पाणी थेट बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कवचात, जाते. हा बूट फाटला असेल तर या कामात बदलूनच टाका.

फक्त बेअरिंग घ्यायचे की पूर्ण सेट? माझे मत ठाम आहे. प्लेट आणि प्रेशर प्लेट नुकतीच बदललेली नसेल तर तिन्ही एकत्र घ्या. कष्ट सगळे गिअरबॉक्स उतरवण्याचे असतात, तेच काम वर्षभरात पुन्हा करायला लावू नका. कुर्ल्याला सीएसटी रोडवर सुटे भाग हवे तेवढे मिळतात, पण वापरलेले रिलीज बेअरिंग कुठूनही, कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. नवे बेअरिंग हातात धरून फिरवून बघा. आत ग्रीस असल्यामुळे ते थोडे जड आणि एकसारखे फिरले पाहिजे. भिरभिर फिरत असेल किंवा आत वाळूसारखे खरखरत असेल तर परत द्या. आणि बसवण्याआधी ते डिझेलमध्ये धुऊ नका, त्यातले ग्रीस पातळ होऊन निघून जाते.

उतरवण्याचा भाग सरळ आहे. पुढे मी छोट्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, केबल क्लचच्या गाडीबद्दल बोलतोय. जमीन सपाट हवी, सोसायटीच्या पार्किंगचा उतार चालणार नाही. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचे नाही. बॅटरी, एअर फिल्टरचा डबा, क्लच आणि गिअरच्या केबली, वायरिंगचे प्लग, स्टार्टर काढा, गिअर ऑइल काढा, ड्राइव्ह शाफ्ट काढा, इंजिनाला खालून आधार द्या, माउंटिंग सोडा, गिअरबॉक्स जॅकवर घेऊन इंजिनापासून सरळ दूर ओढा.

आता आत नीट बघा. इनपुट शाफ्टभोवतीची नळी, जिच्यावर बेअरिंग मागेपुढे सरकते, तिच्यावर नख फिरवा. नख अडले, म्हणजे खाच पडली असेल, तर नवे बेअरिंगही तिथे अडकणार आणि पेडल जड लागणार. फोर्कची टोके झिजलीत का पाहा. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत असेल तर सील आत्ताच बदला. ग्रीस लावायचे ते उष्णता सोसणारे, शाफ्टच्या दातांवर आणि फोर्कच्या टेकूवर, बोटाने पुसून जेमतेम ओशटपणा राहील इतकेच. जास्तीचे ग्रीस फिरताना प्लेटवर उडते.

नवी प्लेट बसवत असाल तर तिच्यावर लिहिलेली बाजू पाळा. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्याआधी डमी शाफ्ट (इनपुट शाफ्टच्या जागी घालायचा खोटा दांडा) घालून प्लेट अगदी मध्यावर आणा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. नजरेने सेंटर करतो म्हणणाऱ्यांचे ऐकू नका, डमी शाफ्ट फार महाग नसतो.

आता खरे काम. गिअरबॉक्स परत इंजिनाला भिडवणे. सुरुवातीला माझाही सगळा दिवस इथेच जायचा, आणि चांगल्या गाड्या बिघडतात त्याही इथेच. उतरवताना सहज निघालेला गिअरबॉक्स बसताना शेवटच्या थोड्याशा अंतरावर अडतो. हात थकलेले असतात, आणि मग कुणीतरी म्हणते, बोल्ट लाव आणि आवळत आण, बसेल आपोआप. या कामातला हा सगळ्यात वाईट सल्ला आहे. बोल्टच्या ताकदीने एकतर ॲल्युमिनियमच्या बेल हाउसिंगचा कान तडकतो, नाहीतर क्लच प्लेटचा मधला हब वाकतो. हब वाकला की प्लेट पूर्ण सुटत नाही, पेडल तळापर्यंत दाबूनही रिव्हर्स टाकताना दात खरखरतात. मग गिअरबॉक्स पुन्हा खाली, आणि नवी प्लेट भंगारात.

जोर लावण्याऐवजी फट वाचा. वर, खाली, दोन्ही बाजूंनी बोट फिरवून बघा. वरून टेकलाय आणि खालून उघडा आहे, तर कोन चुकलाय. माउंटिंग सोडल्यावर इंजिन एका बाजूला झुकते, म्हणून इंजिनाखालचा जॅक किंचित वरखाली करा, गिअरबॉक्सही त्याच झुकावाला आणा, फट चहूबाजूंनी सारखी झाली पाहिजे. फट सारखी पण चांगली तीन-चार बोटांची असेल, तर शाफ्टचे दात प्लेटच्या दातांत शिरलेले नाहीत. एकाने गिअरबॉक्स हलका दाबून धरावा, दुसऱ्याने क्रँक पुलीचा बोल्ट पान्याने इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेला अगदी थोडा फिरवावा. दात जुळले की गिअरबॉक्स हाताखाली पुढे सरकल्याचे स्पष्ट कळते. दात शिरूनही बोटभर फट सारखी राहत असेल, तर प्लेट मध्यावर नाही. गिअरबॉक्स मागे घ्या आणि डमी शाफ्ट पुन्हा घालून बघा. आणि फट अगदी काही मिलिमीटरची असेल तर डॉवेल (जागा नेमकी जुळवणाऱ्या पिना) गंजलेत, इंजिन आणि गिअरबॉक्समधला पातळ पत्रा सरकलाय किंवा एखादी वायर चेपली गेली आहे. टॉर्च मारा.

या सगळ्या वेळात गिअरबॉक्सचे वजन जॅकवरच राहिले पाहिजे. अर्धवट शिरलेल्या शाफ्टवर तो लटकवून चहाला जाणारे मी पाहिले आहेत. ते सगळे वजन प्लेटच्या हबवर येते.

फोर्कचीही एक गोष्ट. भिडवताना तो लोंबकळला तर बेअरिंग त्याच्या टोकांवरून निसटते, आणि हे कळते सगळे जोडून झाल्यावर, पेडल सैल लागते तेव्हा. क्लिप नीट बसवा आणि फोर्क बाहेरच्या बाजूला तारेने बांधून ठेवा. बेल हाउसिंग हातानेच पूर्ण टेकले, सगळे बोल्ट बोटांनी आट्यात गेले, की मगच पाना लावायचा. तार सोडून फोर्क हाताने हलवा. थोडा मोकळा, मग फिंगरांवर टेकून एकदम घट्ट लागला तर जागेवर आहे.

ज्या गाड्यांत बेअरिंग आणि हायड्रॉलिक सिलिंडर एकच तुकडा असतो, तिथे गिअरबॉक्स बाहेर असताना पेडलला कुणालाही पाय लावू देऊ नका, सिलिंडर बाहेर फेकला जातो. जोडल्यावर हवा काढावी लागेल.

बाकी उलट्या क्रमाने जोडा. गिअर ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचे, लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत. केबलचा मोकळेपणाही मॅन्युअलप्रमाणे ठेवा, केबल ताणून ठेवली तर नवे बेअरिंग कायम फिंगरांना घासत राहील. चाके अजून हवेत असताना इंजिन चालू करून सगळे गिअर टाकून बघा, आणि एक फेरी मारून आल्यावर ड्राइव्ह शाफ्टच्या सीलखाली कोरडा कागद टाकून सकाळी तेलाचा डाग पडलाय का पाहा.