सोसायटीच्या सूचना मतांनुसार लावताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या मोठ्या सोसायट्यांत हल्ली रहिवासी ॲपवर सूचना टाकतात, बाकीचे त्यावर 'पटलं' किंवा 'नाही पटलं' असं मत देतात. यादीत वर असेल तेवढंच कमिटीच्या मीटिंगपर्यंत पोचतं. पण यादी लागते कशी, हे सहसा कुणी विचारत नाही आणि घोळ तिथेच होतो.

सर्रास होणारी चूक म्हणजे साधी वजाबाकी. टँकरच्या वेळेला १२० जण अनुकूल, ८० प्रतिकूल, उरले ४०. लिफ्टच्या दुरुस्तीला ३८ अनुकूल, एकच प्रतिकूल, उरले ३७. ज्यावरून भांडणं चालली आहेत ते वर, जवळपास सगळ्यांना मान्य आहे ते खाली!

मग टक्केवारी लावावी, तर पाचपैकी पाच मतं मिळालेली सूचना शंभरपैकी नव्वदवालीच्या डोक्यावर बसते. ती पाच मतं एकाच घरातलीही असतील. यावरचा तोडगा अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडविन विल्सन यांनी १९२७ सालीच देऊन ठेवलाय: मिळालेली टक्केवारी न धरता, खरी पसंती निदान किती असावी याचा सावध अंदाज धरायचा. ९५ टक्के खात्रीच्या हिशोबाने पाचपैकी पाचवाली ५७ वर घसरते, शंभरपैकी नव्वदवाली ८३ वर राहते. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने २००९ मध्ये वाचकांच्या प्रतिसादांच्या क्रमासाठी हेच सूत्र घेतलं.

जुन्या सूचना हळूहळू खाली सरकू द्या, पुसू मात्र नका. गच्चीच्या गळतीची तक्रार डिसेंबरात शिळी वाटते, पण वॉटरप्रूफिंग उन्हाळ्यातच उरकावं लागतं.

सगळ्यात चिवट दोष माणसांचा आहे. २०१३ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात ऑनलाइन प्रतिसादांना सुरुवातीलाच एकेक खोटं अनुकूल मत देऊन पाहिलं. त्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. खोटं प्रतिकूल मत मात्र लोकांनी भरून काढलं. म्हणजे पहाटे सहाला सूचना टाकून शेजाऱ्यांना फोन करणारे काका कायम पुढे! सुरुवातीचे दोन दिवस मतांचे आकडे झाका आणि प्रत्येकाला यादी वेगवेगळ्या क्रमाने दाखवा.

एवढं करूनही त्याच सूचना महिनोन्‌महिने वर दिसत असतील, तर मतं माणशी मोजली जाताहेत की फ्लॅटमागे एक, ते ॲपवाल्याकडून तपासून घ्या.