साइट ब्लॉक करताय? या चुका टाळा

आयएसपीला (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला) ब्लॉकिंगचा आदेश आला की नवी पोरं सगळ्यात आधी नल रूट टाकतात, म्हणजे त्या पत्त्याकडे जाणारं ट्रॅफिक फेकून देणारा मार्ग. एक ओळ, दोन मिनिटं. पण त्याच राउटरवर ‘रिडिस्ट्रिब्यूट स्टॅटिक’ (हाताने टाकलेले रूट इतरांना कळवणारी सेटिंग) चालू असेल आणि बाहेर फिल्टर नसेल, तर तो रूट बीजीपीतून (नेटवर्क एकमेकांना रूट कळवतात त्या पद्धतीतून) जगभर जातो.

२४ फेब्रुवारी २००८ला असाच रूट बाहेर पडला. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा आदेश होता. यूट्यूब आपल्या पत्त्यांचा गट (प्रीफिक्स) /२२ असा जाहीर करत होतं (आकडा जितका मोठा, तितका गट लहान) आणि पाकिस्तान टेलिकॉमकडून त्यातलाच एक /२४ बाहेर आला. राउटर नेहमी जास्त नेमका, म्हणजे लहान प्रीफिक्स धरतो. त्यांना बाकीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या पीसीसीडब्ल्यू या अपस्ट्रीम कंपनीने तो न तपासता पुढे सोडला आणि जगभरातलं यूट्यूबचं ट्रॅफिक पाकिस्तानात जाऊन बुडालं. ट्रॅफिक परत ओढायला यूट्यूबने आधी /२४, मग दोन /२५ जाहीर केले. पीसीसीडब्ल्यूने तो रूट काढेपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ गेला.

एका छोट्या आयएसपीत मी रात्रपाळीला असताना सोबतच्या मुलाने /३२च्या (एकाच पत्त्याच्या) जागी /२४ टाकला. “झालं सर!” तो पत्ता शेअर्ड होस्टिंगचा (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) होता. थोड्याच वेळात भलत्याच शहरांतून फोन सुरू झाले: आमची साइट का उघडत नाही? काय टाकलं हे त्याने कुठेच लिहिलं नव्हतं, म्हणून शोधण्यातच अर्धा तास गेला. तेव्हापासून मी प्रत्येक ब्लॉक रूटला टॅग (ओळखखूण) आणि नो-एक्स्पोर्ट (‘बाहेर कळवू नको’ अशी खूण) लावतो, बाहेर फक्त आमचे प्रीफिक्स सोडतो आणि बाहेरच्या लुकिंग ग्लासवर (दुसऱ्या नेटवर्कला कुठले रूट दिसतात ते दाखवणाऱ्या पानावर) स्वतः बघितल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. यात पंधरा मिनिटं जातात. ती ज्याला जड वाटतात, त्याला मी कोअर राउटरचा पासवर्ड देत नाही.

“मग डीएनएसवर (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर) ब्लॉक करू, ते सुरक्षित.” नाही. मार्च २०१०मध्ये बीजिंगमधल्या आय-रूट सर्व्हरकडे (डीएनएसच्या मुळाशी असलेल्या सर्व्हरपैकी एक; इथे ‘रूट’ म्हणजे मूळ) गेलेल्या प्रश्नांना फेसबुक, ट्विटरची खोटी उत्तरं मिळाली आणि ती थेट चिलीत दिसली.

रूट वळला की लगेच हल्ल्याची ओरड करू नका, आधी त्या देशात त्या दिवशी काय बंद केलंय ते बघा.

आरओए (कुठला प्रीफिक्स कोणी जाहीर करायचा याची सही केलेली नोंद) करायचं पुढे ढकलू नका. फेब्रुवारी २०२१मध्ये म्यानमारमधून आणि मार्च २०२२मध्ये रशियातून ट्विटरचा एकच /२४ गळला. दुसऱ्या वेळी ट्विटरचा आरओए होता, त्यामुळे तो फार पसरला नाही.