वळवाच्या वादळाआधी पणजीकरांनी करायची तयारी

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी आटोपली, सोलं, मिरच्या, सुकी मासळी डब्यांत गेली, की पावसाची तयारी झाली असं आपण धरून चालतो. घराला खरा धोका असतो तो मात्र त्याआधीच्या वळवाचा. जूनची संततधार सोसवते. मे महिन्यातलं गडगडाटी वादळ अर्ध्या तासात येऊन जातं आणि तेवढ्यात पत्रे, फांद्या, तारा खाली आणतं. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ नुसतं किनाऱ्याजवळून गेलं, तरी झाडं नि खांब पडून कितीतरी वस्त्या अंधारात राहिल्या. परतीच्या पावसातही हेच: दुपारी घाटावर ढग चढतात नि संध्याकाळी किनाऱ्याकडे सरकतात.

सुरुवात वरून करा. माडाच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ पाडेल्याकडून आत्ताच उतरवून घ्या. ऐनवेळी पाडेली मिळत नाही. रस्त्यावर झुकलेलं झाड तोडायला परवानगी लागते, तेव्हा अर्ज आधी करा, आणि झाड शेजाऱ्याचं असेल तर त्याच्याशी गोडीने बोला. गच्चीवरच्या पत्र्याचा कोपरा हाताने उचलून पाहा. हलला, वॉशरखालचा स्क्रू बोटाने फिरला, तर तो पत्रा पहिल्याच झोताला उडेल आणि खाली कुणी स्कूटरवरून जात असेल. मग गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी बादलीभर पाणी ओता. साचून राहिलं तर आत पाला किंवा कचरा अडकलेला असणार.

विजेचं काम वायरमनकडून करून घ्या. अर्थिंग तपासायला सांगा, ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण स्वतः दाबून बघा. पण ईएलसीबी असला की आकाशातल्या विजेपासूनही टीव्ही वाचतो, हा समज सोडा. त्यासाठी ढग भरून येताच प्लग काढावा लागतो, सोबत डिशची नि इंटरनेटची वायरही. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र प्लगला हात लावू नका.

टॉर्च, पॉवर बँक, घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधं, पिण्याचं पाणी हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोबाईलवर ‘दामिनी’ अ‍ॅप घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. भरतीची वेळही बघून ठेवा. आपले नाले मांडवीत नि सांतिनेजच्या खाडीत उतरतात. भरतीच्या वेळी जोराची सर आली तर पाणी उतरायला जागाच उरत नाही. सखल भागातली गाडी आधीच उंचावर लावा.

गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, पाऊस नसला तरी. मिरामारच्या वाळूवरून, मैदानावरून, गच्चीवरून पक्क्या इमारतीत या, नाहीतर बंद चारचाकीत. स्कूटर झाडाखाली थांबवू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा.

तुटलेल्या तारेपासून लांब राहून वीज खात्याच्या 1912 वर कळवा. कुणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. अंगात करंट राहत नाही. 108 ला फोन लावा, आणि श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्या. ते कसं करायचं हे घरातल्या निदान दोघांनी मे उजाडण्याआधी शिकून घ्यावं.