कॅल्क्युलेटरचा ड्रॉप जुळत नसेल तर आधी स्कोप तपासा

रायफलची गोळी अंतरावर किती खाली पडेल (ड्रॉप) हा कॅल्क्युलेटरचा अंदाज चुकला, म्हणून त्यातला बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवेचा विरोध किती चांगला कापते तो आकडा) लगेच बदलू नका. १०० मीटरवर झिरो पक्का करा (नेम धरला तिथेच गोळी लागली पाहिजे), उंच टार्गेटवर ओळंब्याने उभी रेघ आखा, स्कोपला १० मिल (कोनाचे एकक; १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटिमीटर) चढवा आणि खालच्याच बिंदूवर नेम धरा. गोळ्या १ मीटर वर लागायला हव्यात. ९८ सेंटिमीटरच भरले तर दोष स्कोपचा.

कॅल्क्युलेटरला हवेचा दाब जागेवर मोजलेलाच द्या. हवामान ॲप समुद्रसपाटीला जुळवलेला दाखवते. ५६० मीटर उंचीवर खरा दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल असतो. समुद्रसपाटीचा १०१३ टाकलात तर गोळ्या अंदाजापेक्षा वर लागणारच!

तरीही ६०० मीटरवर फरक उरला तर मझल व्हेलॉसिटी (गोळी नळीतून सुटतानाचा वेग) जुळवा. कोएफिशंटला हात लावायचा तो गोळीचा वेग मॅक १.२ (ध्वनीच्या वेगाच्या १.२ पट) च्या आसपास उतरतो त्या अंतरावर, तेही किमान पाच गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य धरून.