जपानी शिकण्यासाठी जपानचा विद्यार्थी व्हिसा: अर्जाची तयारी कशी करावी

जपानमध्ये राहून जपानी शिकायचे असे मनाशी ठरवलेला विद्यार्थी बहुतेक वेळा सुरुवातीलाच व्हिसाच्या अर्जाविषयी विचारतो: अर्ज कुठे मिळतो, मुलाखत असते का, किती दिवस लागतात? प्रत्यक्षात व्हिसाचा अर्ज ही या कामातील जवळजवळ शेवटची आणि त्यातल्या त्यात सोपी पायरी आहे. खरा निर्णय त्याच्या काही आठवडे आधी जपानमध्ये, केवळ तुमच्या कागदांकडे पाहून झालेला असतो. तिथल्या प्रादेशिक इमिग्रेशन कार्यालयाकडून, म्हणजे तिकडे सगळे ज्याला ‘न्यूकान’ म्हणतात त्याच्याकडून, निवासपात्रतेचे प्रमाणपत्र मिळावे लागते. याचे जपानी नाव लांबलचक असल्यामुळे आपल्याकडे आणि तिकडेही ते ‘सीओई’ या नावानेच ओळखले जाते. हे प्रमाणपत्र हाती असेल तर व्हिसा नाकारला जाण्याचे प्रसंग थोडे असतात. ते नसेल, तर भाषाशाळेच्या दीर्घ अभ्यासक्रमासाठी व्हिसाचा अर्ज करण्यात फारसा अर्थ नाही.

त्याआधी एक गोष्ट निश्चित करावी. अभ्यासक्रम नव्वद दिवसांच्या आतला असेल, तर अल्पमुदतीचा व्हिसा पुरतो आणि सीओईची गरज पडत नाही. मात्र त्या व्हिसावर एक तासही नोकरी करता येत नाही आणि मुक्काम संपला की परत यावे लागते. पुढचे सगळे विवेचन त्याहून मोठ्या, म्हणजे साधारणतः सव्वा ते दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी लागणाऱ्या ‘र्‍यूगाकु’ या निवासदर्जाविषयी, म्हणजे विद्यार्थी व्हिसाविषयी, आहे.

शाळा आणि वेळापत्रक

सीओईचा अर्ज विद्यार्थ्याच्या वतीने शाळा करते, त्यामुळे शाळेची निवड हा व्हिसाच्या कामाचाच भाग समजावा. १ एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये भाषाशाळांच्या मान्यतेचा नवा कायदा लागू झाला असून, मान्यता देण्याचे काम शिक्षण मंत्रालयाकडे आले आहे. जुन्या पद्धतीने यादीत असलेल्या शाळांना नवी मान्यता मिळवण्यासाठी मार्च २०२९ पर्यंतची मुदत आहे. म्हणून शाळेला पहिल्याच पत्रात विचारावे की तुमची मान्यता नवी आहे की जुनी, आणि जुनी असल्यास नवीसाठी अर्ज केला आहे का. या प्रश्नाला सरळ उत्तर न देणाऱ्या शाळेत दोन वर्षांची फी गुंतवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवेश वर्षातून चार वेळा असतात: एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी. सर्वांत मोठी तुकडी एप्रिलची असते आणि तिला पूर्ण दोन वर्षे मिळतात. ऑक्टोबरला गेल्यास दीड वर्ष मिळते, कारण जपानी विद्यापीठांचे आणि व्यवसायशाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि भाषाशाळा त्याआधी मार्चमध्ये विद्यार्थ्याला मोकळे करतात. एप्रिलसाठी शाळा आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत अर्ज घेतात, न्यूकानकडे कागद नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी जातात आणि निकाल फेब्रुवारीच्या शेवटी लागतो. ऑक्टोबरच्या तुकडीचे कागद जूनच्या सुमारास जातात आणि निकाल ऑगस्टअखेर येतो.

याचा थेट परिणाम परीक्षेच्या नियोजनावर होतो. शाळा सर्वसाधारणपणे बारावी उत्तीर्ण असणे आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन-५ ही सर्वांत प्राथमिक पातळी किंवा दीडशे तासांचे जपानीचे शिक्षण, यांचा पुरावा मागतात. जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. डिसेंबरच्या परीक्षेचा निकाल जानेवारीच्या उत्तरार्धात लागतो, तोवर एप्रिलची फाइल न्यूकानकडे पोहोचून दीड महिना झालेला असतो. म्हणजेच एप्रिलला जायचे असेल तर आदल्या जुलैचीच परीक्षा उपयोगी पडते, आणि तिची नोंदणी उन्हाळ्यातच संपलेली असते. दरवर्षी काही विद्यार्थी डिसेंबरच्या प्रवेशपत्राची प्रत जोडतात. त्यावरून परीक्षेला बसणार एवढेच कळते. अशा वेळी पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट असो किंवा आपल्या गावातला एखादा वर्ग असो, तिथून एकूण तास, कालावधी, हजेरी आणि वापरलेले पाठ्यपुस्तक नमूद केलेला दाखला घ्यावा. ‘नियमित विद्यार्थी असून वर्तणूक चांगली’ या छापाच्या दाखल्याला येथे काही किंमत नाही.

नावांचा घोळ

मी अशा फाइलींच्या कागदांचे जपानी भाषांतर करते, आणि मराठी विद्यार्थ्यांच्या फाइलीत सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे नाव. बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडलेले. आधारवर वडिलांचे नाव कधी आहे, कधी गायब. आणि बँकेत नुसती आद्याक्षरे. आपल्याला यात काहीच खटकत नाही, परंतु जपानमध्ये कागद तपासणाऱ्याला ही तीन वेगळी माणसे वाटू शकतात. रोमन लिपीतील स्पेलिंगचा प्रश्न त्याहून अवघड आहे. जाधव हे आडनाव विदर्भात अनेकदा ‘ओ’ अक्षराने संपते आणि पश्चिम महाराष्ट्रात ‘व्ही’ने; एकाच घरात वडिलांचे एक स्पेलिंग आणि मुलीचे दुसरे, असे मी अनेकदा पाहिले आहे. वडीलच खर्च उचलणार असतील, तर अशा वेळी नाते सिद्ध करणारा कागदच संशयास्पद दिसू लागतो.

यावर उपाय असा की पासपोर्टवरील स्पेलिंग अंतिम मानावे, बँकेतील नाव त्यानुसार दुरुस्त करून घ्यावे, आणि जे कागद बदलता येत नाहीत (मंडळाचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला) त्यांच्यासाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करून त्याचे भाषांतर जोडावे. विवाहानंतर किंवा इतर कारणाने नाव बदलले असल्यास त्याचा अधिकृत पुरावा, उदाहरणार्थ राजपत्राची प्रत, लागतो. तारखांकडेही तितकेच लक्ष द्यावे: आपण दिवस आधी लिहितो, जपानी माणूस वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहितो, आणि ०४-०७ ही तारीख भाषांतरात सहज उलटी होते.

पैसे कुठून आले

न्यूकानला दोन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली, खर्च उचलणाऱ्याकडे पुरेसे पैसे आहेत का. दुसरी, ते पैसे त्याच्या उत्पन्नातूनच जमले आहेत का. पहिल्या प्रश्नाची तयारी सगळे करतात, अडतात ते दुसऱ्यावर.

भाषाशाळेची पहिल्या वर्षाची फी साधारण सात ते नऊ लाख येन असते आणि टोकियोत राहण्या-जेवण्याचा खर्च महिन्याला लाख येनच्या आसपास जातो. म्हणजे एका वर्षासाठी वीस लाख येनच्या जवळपासची रक्कम दिसली पाहिजे, तीही नोकरीतून मिळणारे पैसे न धरता. ‘मुलगा तिकडे पार्टटाइम काम करून फी भरेल’ हे वाक्य अर्जात कुठेही येता कामा नये, कारण ज्याला अभ्यासासाठी यायचे आहे त्याचा खर्च आधीच उभा असला पाहिजे, अशी तिथली भूमिका आहे.

नोकरदार पालकांचे काम सरळ असते: बँकेचे बॅलन्स सर्टिफिकेट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, कंपनीचे नोकरीचे पत्र आणि खात्याचा उतारा. शेतकरी कुटुंबाची फाइल मात्र विचारपूर्वक बांधावी लागते. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने विवरणपत्रात ते एक तर दिसत नाही किंवा किरकोळ दिसते, आणि खात्यावर मात्र पंधरा लाख असतात. येथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि आठ-अ हे कागद लागतातच, शिवाय पैसा खात्यात कोणत्या वाटेने आला हेही दाखवावे लागते: साखर कारखान्याच्या ऊसबिलाचे हप्ते, बाजार समितीतील आडत्याच्या पट्ट्या, दूध संघाचे दर दहा दिवसांचे जमा आकडे.

एका विद्यार्थिनीच्या वडिलांचे पासबुक मला अजून आठवते. तीन वर्षे ऊसबिलाचे हप्ते अगदी नियमित, आणि सर्टिफिकेट काढण्याच्या नऊ दिवस आधी एकदम आठ लाख जमा. शाळेने अर्थातच त्या एका ओळीवर बोट ठेवले. पैसे खरे होते. आजोबांची मुदत ठेव मोडून ते आले होते. ठेवीची पावती, ती मोडल्याची बँकेची नोंद आणि आजोबांचे दोन ओळींचे पत्र भाषांतर करून जोडल्यावर प्रश्न मिटला. परंतु हे तीन कागद सुरुवातीलाच जोडले असते तर शेवटच्या आठवड्यातील धावपळ टळली असती. उसनवारीने खाते फुगवून पुन्हा रिकामे करण्याचा सल्ला देणारे एजंट सर्वत्र भेटतात. तो मार्ग धरू नये. शाळा किंवा न्यूकान कधी थेट पालकांना किंवा त्यांच्या कार्यालयाला फोन करतात, आणि तेव्हा ज्याच्या नावावर खाते आहे त्यालाच आकडा सांगता येत नाही.

भाषांतराविषयी एक इशारा. जपानी मोजणी दहा हजारांच्या ‘मान’ या एककात चालते, त्यामुळे आपले बारा लाख तिकडे एकशेवीस मान होतात. एखादे शून्य निसटले की वडिलांचा पगार दहापट होतो किंवा दशांशावर येतो. भाषांतर कोणीही केलेले असो, आकडे स्वतः मूळ कागदाशी ताडून पाहावेत.

कारणाचे पत्र

फाइलीत ‘रियूशो’, म्हणजे जपानी का शिकायचे आणि पुढे काय करायचे याचे पत्र असते. जपानी संस्कृतीची लहानपणापासूनची ओढ, शिस्त, ॲनिमे यांवर अर्धे पान खर्च करणारी पत्रे एकसारखी दिसतात. त्याऐवजी हिशेब मांडावा: सध्या पातळी कोणती, दोन वर्षांत कुठवर पोहोचायचे, त्यानंतर व्यवसायशाळा, पदव्युत्तर शिक्षण की परत येऊन एखादे ठरावीक काम, आणि हे भारतात राहून का साधत नाही. शेवटचा प्रश्न पुणे-मुंबईच्या विद्यार्थ्याला अधिक बारकाईने सोडवावा लागतो, कारण येथे जपानीचे वर्ग भरपूर आहेत. बारावी किंवा पदवीनंतर एक-दोन वर्षांची पोकळी असेल तर ती लपवू नये. स्पर्धा परीक्षेची तयारी केली, घरचे दुकान सांभाळले, जे असेल ते तारखांसह लिहावे. पूर्वी सीओईसाठी अर्ज करून तो नाकारला गेला असेल, तर त्याची नोंद अर्जातच विचारलेली असते. खोटे उत्तर दिल्यास जुनी फाइल त्यांच्याकडेच आहे, हे लक्षात ठेवावे.

सीओई न मिळाल्यास शाळेच्या कर्मचाऱ्याला न्यूकानमध्ये जाऊन कारण विचारता येते. त्यासाठी आग्रह धरावा आणि नेमके कारण कळल्यावाचून पुन्हा अर्ज करू नये.

सीओई मिळाल्यावर

मार्च २०२३ पासून सीओई ईमेलनेही मिळते. बहुतेक शाळा फी जमा झाल्यावरच ती पुढे पाठवतात, त्यामुळे परदेशी पैसे पाठवण्यासाठी बँकेत लागणारे पॅन कार्ड, ए-टू अर्ज आणि शाळेचे मागणीपत्र आधीच तयार ठेवावे; तालुक्याच्या शाखेत हे काम क्वचितच होत असल्याने दोन-तीन फेऱ्या गृहीत धराव्यात. सीओई तीन महिनेच वैध असते आणि त्या मुदतीत जपानमध्ये प्रवेश व्हावा लागतो.

महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्जदार मुंबईच्या जपानी कॉन्सुलेटच्या अधिकारक्षेत्रात येतात. कागद व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यावे लागतात. पासपोर्ट, भरलेला अर्ज, छायाचित्र, सीओई आणि शाळेचे प्रवेशपत्र हा मुख्य संच आहे. सर्व बरोबर असल्यास निर्णयाला साधारण पाच कामाचे दिवस लागतात, तरीही अधिकचे कागद मागवले जाण्याची शक्यता धरून विमानाचे तिकीट व्हिसा हाती आल्यावरच काढावे.

जपानमध्ये उतरल्यावर नारिता, हानेदा, कानसाई यांसारख्या मोठ्या विमानतळांवर तिथेच निवासपत्र, म्हणजे ‘झाइर्यू कार्ड’, मिळते. त्याच वेळी अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्ज भरून द्यावा. कार्डाच्या मागे शिक्का बसतो आणि पुढे न्यूकानची फेरी वाचते. मर्यादा आठवड्याला २८ तासांची आहे, दोन ठिकाणी काम केले तरी दोन्ही मिळून तेवढीच, आणि शाळेच्या दीर्घ सुट्टीत दिवसाला आठ तास. बार-कॅबरेसारख्या ठिकाणी भांडी घासण्याचे कामही चालत नाही. राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत तिथल्या नगरपालिकेत किंवा वॉर्ड कार्यालयात पत्ता नोंदवावा आणि त्याच खेपेला राष्ट्रीय आरोग्य विम्याचे काम उरकावे. कार्ड कायम जवळ बाळगणे बंधनकारक आहे.

दिवाळीला घरी येणाऱ्यांनी विमानतळावर पुनर्प्रवेशाच्या चिठ्ठीवरील ‘परत येणार’ या चौकटीत न विसरता खूण करावी. एक वर्षाच्या आत आणि निवासाची मुदत संपण्यापूर्वी परतणाऱ्याला त्यामुळे वेगळा परवाना लागत नाही. ती खूण राहून गेली तर निवासाचा दर्जाच संपतो आणि सीओईपासून सारे पुन्हा सुरू करावे लागते.