सायकलच्या स्पोकवर चालणारा सांधा : मॉडेल रेल्वेचे पॉइंट हातानं कसे बदलायचे आणि वायरिंग कसं करायचं

पॉइंटला, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागेला, मोटर घ्यायच्या आधी हे एकदा वाचा, पैसे वाचतील. माझा एचओचा, म्हणजे १:८७ चा लेआउट आहे, सांगलीत घराच्या वरच्या मजल्यावर (२०१९ च्या पुरात खालच्या खोलीतला पहिला बोर्ड फुगून गेला, तेव्हापासून वरच). त्यावर सात सांधे आहेत. मिरज जंक्शनशेजारी वाढलेला माणूस पॉइंटला सांधाच म्हणणार. सातही हातानंच बदलतो, बोर्डाच्या कडेला स्पोकची टोकं बाहेर आलेली आहेत, ओढलं की एकीकडं, ढकललं की दुसरीकडं.

सामान काहीच नाही. दर सांध्याला एक सहा पायांचा स्लाइड स्विच, सायकलचा एक जुना स्पोक आणि ०.८ मिमीची स्प्रिंग स्टीलची तार. तारेत मी आधी फसलोय, मिरजेत सतारीच्या तारेला काय तोटा म्हणून तीच आणली, पण ती साधारण ०.३ मिमीची, नुसती वाकायची आणि पातं, म्हणजे सांध्यातला इकडंतिकडं सरकणारा रूळ, जागचं हलायचं नाही.

दोन्ही पात्यांना जोडणारी जी आडवी पट्टी असते, तिच्या बरोबर खाली बोर्डाला १० मिमीचं आरपार भोक पाडा. स्विच बोर्डाच्या खालून लाकडाच्या ठोकळ्यावर आडवा बसवायचा, बटणाचं तोंड बाजूला, आणि बटण ज्या दिशेनं सरकतं तीच दिशा पट्टीची पाहिजे. बटणाला दोन भोकं, एक बारीक तारेला, एक स्पोकला; तारेचं दुसरं टोक बोर्डाच्या भोकातून वर जाऊन त्या आडव्या पट्टीत अडकतं. इथं घाई करू नका, मी दोन्ही भोकं जवळजवळ मारली आणि बटण मधोमध फुटलं, असे तीन स्विच गेले. ड्रिल हातात धरून बोटानं फिरवत पाडलं की फुटत नाही. स्पोकचं वाकडं टोक मुंडीसकट आयतंच बटणात अडकतं, वेगळा हूक लागत नाही, आणि दुसऱ्या टोकाला आटे असतात, तिथं निपल फिरवून एखादा मणी पकडून ठेवा, झाली मूठ.

बटण पात्यापेक्षा जास्त सरकतं, पण घाबरू नका, तेच आपल्याला पाहिजे, कारण उरलेलं अंतर तार वाकून खाते आणि पातं रुळाला दाबून धरते.

आता वायरिंग. दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथला व्हीसारखा तुकडा म्हणजे फ्रॉग. तुमच्या सांध्याचा फ्रॉग प्लास्टिकचा असेल तर हा भाग सोडून दिला तरी चालतं, फक्त छोटं इंजिन हळू चालवलं की तिथं अडकतं. धातूचा असेल तर मात्र त्याला करंट बदलून द्यावा लागतो, कारण सरळ जाताना त्यावरून एका बाजूचं चाक जातं आणि वळताना दुसऱ्या बाजूचं. बरेच लोक पातं रुळाला टेकलंय ना, त्यातूनच जाईल करंट असं म्हणतात. जातो की, पण चार महिनेच. आपल्याकडं पावसाळ्यात त्या टेकायच्या जागेवर असा काळा थर धरतो की गाडी नेमकी सांध्यावर बंद पडते.

नियम एकच लक्षात ठेवा, पातं ज्या बाहेरच्या रुळाला चिकटलंय त्याच रुळाचा करंट फ्रॉगला. म्हणून स्विचच्या एका ओळीतला मधला पाय फ्रॉगला, कडेचे दोन पाय बाहेरच्या दोन रुळांना, एक लाल, एक काळी, फ्रॉगची हिरवी. दुसरी ओळ मोकळी राहते, तिच्यावर पुढं सिग्नलचे एलईडी लावता येतात. फ्रॉगमधून पुढं निघणाऱ्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जॉइंटर (रूळ जोडणारे, पण करंट न जाऊ देणारे तुकडे) घालायचेच, आणि त्यापुढच्या रुळांना वेगळी फीड, म्हणजे करंटची वेगळी वायर, द्यायची. हे विसरलात तर पुढची फीड फ्रॉगवर उलटी येऊन कंट्रोलर, म्हणजे रुळांना करंट देणारा डबा, ट्रिप होणार. सोल्डर रुळाच्या बुडाला, तेही रूळ बसवायच्या आधी, आणि पटकन, नाहीतर स्लीपर वितळतात.

मग कंट्रोलर बंद ठेवून मल्टिमीटर बीपवर लावा, एक काडी फ्रॉगला आणि दुसरी पातं चिकटलेल्या रुळाला. बीप वाजली पाहिजे. सांधा बदला, आता दुसऱ्या रुळाला वाजली पाहिजे आणि पहिल्याला गप्प. उलटं झालं तर कडेच्या दोन वायरी आपसात बदला, तासभर डोकं खाजवत बसू नका. माझे सातातले चार उलटे निघाले होते.

खडी टाकताना आडव्या पट्टीच्या आसपास फेविकॉलचं पाणी अजिबात जाऊ देऊ नका. पट्टीवर तेलाचा एक थेंब आधीच लावून ठेवला तर बरं, मी नाही लावला, आणि मालधक्क्याकडचा सांधा सकाळी जो चिकटला तो ब्लेडनं कोरत कोरत सोडवावा लागला. इंजिन शेवटी, आधी एकटा डबा हातानं ढकला, पुढं आणि मागंही, कारण उलटं ढकलतानाच खरा कुठला सांधा गडबडीचा आहे ते कळतं.