आर्केडचा रस्ता हातातल्या पडद्यावर

सेगाचा १९८६ सालचा ‘आउट रन’ हा गाडी पळवण्याचा आर्केड खेळ ३२० बाय २२४ बिंदूंच्या पडद्यासाठी घडवला होता, तर तो ज्यावर आणायचा त्या गेम बॉय अॅडव्हान्स या हातातल्या कन्सोलचा पडदा २४० बाय १६० बिंदूंचाच आहे. म्हणून चित्रे नुसती आक्रसू नयेत, नव्याने रेखाटावीत.

खरी मेहनत रस्त्याची आहे. दारव्ह्याकडे पऱ्हाटीच्या वावरांमधून जाणाऱ्या सरळ रस्त्याच्या कडा दूरवर एका बिंदूत मिळालेल्या दिसतात. तोच भास साधण्यासाठी कॅमेऱ्याच्या उंचीला पडद्यावरची प्रत्येक आडवी ओळ क्षितिजाच्या जितकी खाली आहे त्या संख्येने भागून ओळीचे अंतर काढावे. या कन्सोलच्या प्रोसेसरमध्ये भागाकाराची सूचनाच नसल्यामुळे उत्तरांचा तक्ता आधीच रॉममध्ये, म्हणजे खेळाच्या कायम स्मृतीत, ठेवावा आणि प्रत्येक ओळ संपताच एचब्लँक डीएमएने (दोन ओळींमधल्या क्षणात आपोआप डेटा हलवणाऱ्या सोयीने) पुढच्या ओळीचे स्क्रोल मूल्य, म्हणजे ती किती सरकवायची ते, बदलावे. वळणासाठी क्षितिजाकडे जाताना हे सरकणे वाढवत न्यावे.

स्टिअरिंगच्या जागी बटणे येतात, तेव्हा दाबताच गाडी पूर्ण वळू देऊ नये. दर फ्रेमला कोन थोडा वाढवावा आणि बटण सोडल्यावर तो हळूहळू शून्यावर आणावा. खेळाचा जीव इथेच आहे, असे मला मनापासून वाटते.

गावात दुपारी वीज गेली की मी अंगणात बसून प्रत्यक्ष कन्सोलवरच चाचणी घेतो. मूळ मॉडेलच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नसल्यामुळे संगणकावर ठसठशीत दिसणारे गडद रंग तिथे काळवंडतात. ते आधीच उजळ करून घ्यावेत.